शिंगात दिवे लागणारी शेळी

हे लिहिणार नव्हतो. खरं सांगतो. मोबाईलवर चार ओळी टाईप करायच्या, मध्येच फ्लेक्सची ऑर्डर यायची, ती उरकून परत वाचलं की सगळं खोटं वाटायचं, मग डिलीट. असं कितीदा तरी झालं. मी काही लेखक नाही. बारावी नापास, कोरल ड्रॉ यूट्यूबवर बघून शिकलेलो, वाढदिवसाच्या बॅनरवर लोकांचे चेहरे गोरे करून देणारा माणूस. पण आज बसलोय तर सलग लिहितो. थांबलो की परत पुसलं जाईल.

त्या दुपारी बाइंडिंगवाल्या जलील चाचांनी पुस्तकाच्या दोन प्रती माझ्या हातात दिल्या तेव्हा पुठ्ठे अजून ओलसर होते. खळीचा वास येत होता. चाचा म्हणत होते, आज वजनाखाली राहू दे, उद्या ने, आत्ता उघडलीस तर पुठ्ठा वाकेल. मी ऐकलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि गाडीला किक मारली. इर्शादकडे उद्यापर्यंत थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

इर्शाद मोमीन. माझा दोस्त. मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे मी, पलीकडे तो. साड्यांच्या किनारीची डिझाईनं काढायचा, चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन भरून. एक डिझाईन स्कॅन करायला माझ्या दुकानात आला, तिथून ओळख. माझं नाव उमाकांत, पण तो पहिल्या दिवसापासून उमाच म्हणायचा. फोनमध्ये नंबरही उमा नावानं. त्यापायी त्याची बायको शगुफ्ता आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती, शेवटी मला घरी नेऊन दाखवावं लागलं, ही बघ उमा, हिला मिशा आहेत. आम्ही जे बोलायचो ते धड मराठी नव्हतं, धड उर्दू नव्हतं. इथे जमेल तसं मराठीत लिहितोय.

त्याची फुप्फुसं गेली होती. लहानपणापासून पॉवरलूमच्या फुफाट्यात झोपलेला माणूस. डॉक्टर म्हणाले स्पंजासारखी असायला हवीत ती पुठ्ठ्यासारखी झालीत. हे कळलं त्या महिन्यात त्यानं पुस्तक काढायला घेतलं.

त्याला एकच मुलगी. निमरा. तेव्हा पहिलीत होती, उर्दू शाळेत. पुस्तक तिच्यासाठी होतं. त्यात एक पोरगी आहे, अंगणात एकटी. उंबऱ्यावर उभी, हात पुढे केलेला, तळहातावर दाणे. मग दारातून एक शेळी येते, तिच्या शिंगात दिवे लागतात. मग सुताचं मांजर येतं, ओढलं की लांब लांब होत जाणारं. मग एक उंट, कुबडावर गच्ची असलेला. मग कावळा, जो अंधार चोचीत धरून चादरीसारखा घडी घालतो. प्रत्येकाशी त्या पोरीची दोस्ती व्हायला वेळ लागतो, पानंच्या पानं. आधी घाबरते, मग दाणा देते, मग डोकं टेकवते. शेवटच्या पानावर सगळे अंगणात एकमेकांच्या अंगावर झोपलेत आणि मधोमध ती.

एक अक्षर नाही त्यात. मी म्हणालो होतो खाली दोन दोन ओळी टाकू. तर म्हणाला, कोणत्या भाषेत? तुझ्या की माझ्या? बरं नुसते पान नंबर तरी टाकू, म्हटलं, प्रेसवाल्याला सोपं जातं. तर त्यानं कागदावर तीन प्रकारचे दोनचे आकडे काढून दाखवले, मराठी, उर्दू, इंग्रजी, आणि म्हणाला, आकडा आला की भाषा आली. मुखपृष्ठावर नाव पण नको. पुढे शेळीचं तोंड, मागे नुसती भिंत.

"मी नसताना हे तिला एकटीनं वाचता आलं पाहिजे," तो म्हणाला होता. "तिची आई वाचून दाखवेल, तू वाचून दाखवशील, असलं काही नको. तुम्ही रडाल. तिनं एकटीनं उघडावं, आणि तिला कळावं की कोणीतरी येतं."

बस. एवढंच होतं त्याचं. त्याला दुसरं काही सोडून जायचं नव्हतं.

तो ॲडमिट झाला तेव्हा निमराला सांगितलं, अब्बा सुरतला गेलेत, कामाला. नाकात नळी, हाताला सुई, तसं तिनं त्याला बघायचं नाही असं त्यानं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. शगुफ्ता हॉस्पिटलमध्ये, पोरगी दादीकडे. मला सांगितलेलं असं, की पुस्तक आधी तिला दे, अब्बांनी पाठवलंय म्हण, आणि पुढे गप्प बस. ती काहीही करो, कुठेही अडो, तू बोलायचं नाहीस. फक्त बघ आणि येऊन मला सांग.

तर मी गेलो.

अम्मी, म्हणजे इर्शादची आई, तांदूळ निवडत होती. शेजारच्या लूमचा खडखडाट चालू. निमरा शाळेतून आलेली, युनिफॉर्मवरच, खाटेवर पाय हलवत बसलेली. मी वर्तमानपत्र सोडलं, एक प्रत तिच्या मांडीवर ठेवली. "अब्बांनी पाठवलंय."

तिनं शेळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग पुठ्ठा उघडला. आणि पहिलंच चित्र निघालं ते सगळे झोपलेत ते. शेवटचं.

मला वाटलं पोरीनं उलटीकडून उघडलं. मग बघितलं तर नाही. शेळीचं तोंड वरच होतं. तिनं बरोबर मुखपृष्ठच उघडलं होतं. मुखपृष्ठच चुकीच्या बाजूला होतं.

काय झालं ते मला तिथेच, खाटेजवळ उभ्या उभ्या कळलं. आतली पानं डावीकडून सुरू होतील अशी प्रेसमधून घड्या होऊन गेली होती, ती नीट शिवलेली होती. वरची दोन चित्रं सुटी होती, पुठ्ठ्यावर चिकटवायला. आणि जलील चाचा आयुष्यभर उर्दू पुस्तकं बांधत आले, कायदे म्हणजे उर्दूची अंकलिपी, गाइडं, दीनियातची म्हणजे धर्मशिक्षणाची पुस्तकं. त्यांच्या दुकानात सगळी पुस्तकं एकाच बाजूनं उघडतात, मराठीच्या उलट. यात अक्षर नाही, आकडा नाही, नाव नाही. विचारायचं तरी काय? त्यांनी शेळी तिथे लावली जिथे पुस्तक सुरू होतं. उजवीकडे. आणि निमरानंही ते तसंच उघडलं, तिच्या कायद्यासारखं. त्या घरात कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. फक्त मला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

ती पान उलटत होती. सगळे झोपलेले जागे झाले. कावळ्यानं घडी घातलेला अंधार उलगडून अंगणभर पसरला. मग कावळा दारातून गेला. मग उंटानं बादलीला तोंड लावलं. खरं तर तो बादलीभर पाणी पितो, पण तिच्या बाजूनं तो रिकामी बादली भरून देत होता. तिथे ती फिसकन हसली. अम्मीला दाखवलं, बघ दादी, उंट नळ झालाय. अम्मी म्हणाली, मग कॉर्पोरेशनमध्ये लावा त्याला.

मग उंट गेला. लांब मांजर आखूड आखूड होत दारापर्यंत गेलं आणि गेलं. आता ती हसत नव्हती. पान उलटायच्या आधी दोन्ही चित्रांवर हात ठेवत होती, जरा थांबत होती. शेळी उरली. शेळीनं त्या पोरीच्या कपाळाला टेकवलेलं डोकं काढून घेतलं, तळहातावर दाणे परत ठेवले, शिंगातले दिवे एकेक करून गेले, आणि शेळी दाराबाहेर. शेवटी उंबऱ्यावर एकटी पोरगी, हात पुढे केलेला.

पुढचं पान नव्हतं. भिंत होती.

निमरानं पुस्तक मिटलं नाही. तशीच बघत बसली. तिच्या एका पायातला मोजा घसरला होता, तो तिनं वर ओढला.

अम्मीनं विचारलं, काय आहे गं त्यात?

"सगळे निघून जातात," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पण दर्ग्यातून निघतात तसे. तोंड हिच्याकडे करून. पाठ कोणीच नाही केली."

अम्मी दर गुरुवारी तिला दर्ग्यात न्यायची. दर्शन झालं की तिथे पाठ फिरवून बाहेर पडत नाहीत. एकेक पाऊल मागे घेत, तोंड मजारकडे ठेवून, उंबऱ्यापर्यंत. मी पण एकदा गेलो होतो त्यांच्याबरोबर, निमरा मागे चालता चालता एका बाईच्या पिशवीवर बसली होती. इर्शाद स्वतः कधी जायचा नाही. त्यानं जनावरं दारातून आत येताना काढली होती, म्हणून सगळ्यांची तोंडं त्या पोरीकडे. एवढंच. पण उलटीकडून बघितलं की ती खरंच तशी जात होती. मागे मागे. बघत बघत.

अम्मी माशाअल्लाह म्हणाली, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"अब्बांनी केली," निमरा म्हणाली.

"काय केली?"

"पाठ. मी झोपले होते. उठले तर नव्हतेच."

अम्मीचे हात तांदळात थांबले. पोरगी रडली वगैरे नाही. पुस्तक खाटेवर ठेवलं आणि माठाकडे गेली पाणी प्यायला.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तर भेटायची वेळ झालेली, सगळीकडे डबे आणि नातेवाईक. शगुफ्ता मला बघून उठली, म्हणाली बसा भाईजान, मी तेवढ्यात नमाज पढून येते. इर्शादनं नळी नीट केली. तो तेव्हा तुकड्यातुकड्यांत बोलायचा, दोन शब्द, मग श्वास.

"बघितलं तिनं?"

"बघितलं."

"कोणी बोललं नाही ना मध्ये?"

"नाही."

"हसली कुठे?"

"उंटाला."

त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. तो म्हणाला, मला माहीत होतं, पाणी पितो तिथे हसणार, मी सांगितलं होतं तुला. मी दुसरी प्रत त्याच्या हातात दिली.

उघडायची गरजच पडली नाही त्याला. चौकोन मोजणारा माणूस. कण्याचं कापड कुठल्या बाजूला आहे आणि शेळी कुठे आहे एवढं बघितलं. "जलील चाचा," म्हणाला, आणि हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, मशीन टूं टूं करायला लागलं, सिस्टर धावत आली. म्हणाली, मोमीन, हसायचं असेल तर बरे होऊन घरी जा आणि हसा, माझ्या ड्युटीत नको.

ती गेल्यावर त्यानं पानं उलटली. निमरानं उलटली तशी, त्याच बाजूनं. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, सलाईनकडे बघत होतो. शेवटच्या पानाला तो थांबला तेव्हा मला न बघता कळलं.

"ही एकटी राहते, उमा."

मी घाईघाईनं सांगायला लागलो की पुठ्ठे काढतो, अजून ओलेच आहेत, रात्रीत दुसऱ्या बाजूला चिकटवतो, उद्या तिला नवीन देतो, सांगतो की चाचांचं चुकलं होतं, लहान आहे ती, विसरेल.

"पुठ्ठा निघेल," तो म्हणाला. "बघितलेलं कसं काढशील?"

मग म्हणाला, आणि यात किती श्वास घेतले ते मी लिहीत नाही, की वर्षभर काढत होतो. दुखायचं तेव्हा पण काढायचो. वाटायचं, मी गेलो की ही उघडेल आणि एकेक जण आत येईल. मीच शिकवलं तिला की सगळे जातात. माझ्या हातानं, रंग भरून शिकवलं.

 बॅनरवर टाकायला माझ्याकडे खूप ओळी असतात, त्यातली एकही चालली नसती.

"ती काही म्हणाली?"

मी दर्ग्याचं सांगितलं. जसंच्या तसं. तो ऐकत राहिला, मग परत पुस्तक उचललं आणि एकेक पान तपासलं. शेळीचं तोंड कुठे, मांजराचं कुठे, उंटाचं. "अरे हो," म्हणाला. "हो की." आपल्याच कामात दुसऱ्यानं काढलेली डिझाईन सापडावी तसा बघत होता.

"अजून काय म्हणाली?"

"एवढंच."

"उमा. तुला खोटं फक्त बॅनरवर जमतं."

मग सांगितलं. अब्बांनी पाठ केली. मी झोपले होते.

त्यानं पुस्तक उशीजवळ पालथं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठ माझ्याकडे. गाऊनच्या नाड्या सुटलेल्या, एकेक बरगडी दिसत होती आणि प्रत्येक श्वासाला सगळ्या हलत होत्या. मी हात ठेवायला गेलो आणि नाही ठेवला. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा मला खुणेनं विचारत होता, काय झालं. मी मान हलवली.

इथे एक सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा उगाच आशा धरणार नाही. इर्शाद त्याच रात्री गेला. पहाटे, फजरच्या अजानच्या आधी, शगुफ्ता बाजूला खाली झोपलेली होती तेव्हा. सकाळी घरी आणल्यावर निमराला चेहरा दाखवायला नेलं. ती टक्क जागी होती. या वेळी झोपलेला तो होता. तिनं कोणाला काही विचारलं नाही, मला पण नाही, आणि आज ती नववीत आहे तरी आम्ही त्याबद्दल कधी बोललेलो नाही. बाकीच्या प्रती माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत. पुठ्ठे काढले नाहीत मी. कोणाला दिल्याही नाहीत.

पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तो बऱ्याच वेळानं या कुशीवर वळला. डोळे लाल होते, पण आवाज बरा होता, त्या आठवड्यातला सगळ्यात बरा.

"लहान मुलांना आत सोडतात का रे?"

मी जाऊन सिस्टरला विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग त्याच्या कॉटकडे बघितलं आणि म्हणाली, सकाळी राउंडच्या आधी आणा, पाच मिनिटं, आवाज करायचा नाही. मी येऊन सांगितलं. तो म्हणाला, ती कुठे आवाज करते.

मग त्याला एकदम कामं आठवायला लागली. दाढी करायची, वस्तरा आण. निळा कुर्ता आण, अम्मीला माहीत आहे कुठे आहे. हा गाऊन नको. ती येईल तेव्हा उशा लावून बसव मला, दाराकडे तोंड करून. नळी काढता येणार नाही, पण तिला आधीच सांगून ठेव, जिन्यातच, म्हणजे घाबरणार नाही.

"काय सांगू?"

त्यानं नाकापासून मशीनपर्यंत गेलेल्या नळीवर बोट फिरवलं. "सांग, अब्बांना सोंड आलीय."

मी हसलो. तो पण हसला, जपून, सिस्टरकडे बघत.

शगुफ्ता परत आली तेव्हा तिला सांगितलं, उद्या निमरा येतेय. तिनं त्याच्या पायावर चादर ओढली आणि हात तिथेच ठेवून बसली. वॉर्डबॉय सगळ्यांना बाहेर काढत होता. मी निघालो, तर त्यानं माझी बाही धरली.

"झोपलेली असली तर?"

"उठवीन."

"खांद्यावर टाकून आणू नको. झोपेत आणू नको."

"नाही आणणार."

"चालत येऊ दे. दारातून. मला दिसली पाहिजे येताना."

"इर्शाद, वचन देतो," मी म्हणालो. "सकाळी तिला उठवतो, तोंड धुवायला लावतो, बोट धरून चालत आणतो. तू फक्त दाराकडे बघत बस. मी तिला घेऊन येतो."